व्हायरल लोड सापडत नाही, मग हृदयाची चिंता कशासाठी?

सोलापुरातील एका ४८ वर्षांच्या ताईंचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देत आहे. शालेय गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या नगावर काम करतात. २००८ मध्ये त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले आणि २००९ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या सुरू झाल्या. त्या वेळी सीडी४ (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) १४० होते, आता ६१० आहे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, गेली अनेक वर्षे सापडत नाही. अलीकडे तीन मजले चढताना त्यांना दम लागतो आणि छातीत जड वाटते. टेकल्यावर ते थांबते. हे पित्त असावे असे समजून त्या पित्ताचे पातळ औषध घेतात. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची आणि कॅल्शियमची गोळी दिली आहे, पण त्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल काहीच माहीत नाही, कारण तेथील कंपाउंडर त्यांच्याच गल्लीतला आहे. एआरटी केंद्रातील डॉक्टरांनी ‘हृदयासाठी स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी सुरू करू’ असे सुचवले, मात्र एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल ११२ म्हणजे सर्वसाधारण असताना आणखी एक जन्मभराची गोळी कशाला, असे त्यांना वाटते. एचआयव्ही असलेल्यांच्या रोगप्रतिकारक पेशींमुळेच हृदयविकार होतो, असे मुलाने फोनवर वाचले. तेव्हापासून तो त्यांना महागडे ‘इम्युनिटी पॅकेज’ तपासून घ्या म्हणतो आणि रोज काढा करून देतो. त्या विचारतात, ‘पेशीच दोषी असतील तर माझे ६१० हे सीडी४ चांगले की वाईट? काही दिवस गोळ्या थांबवून पाहाव्यात का? मुलाचे लग्न तीन महिन्यांवर आले आहे. तोपर्यंत हे सगळे झाकून ठेवले तर चालेल का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वाक्य तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलेच नाही. जिना चढताना छातीत जड होते आणि टेकल्यावर थांबते, असे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. पित्ताचा त्रास जेवणाशी, उपाशी राहण्याशी किंवा आडवे पडण्याशी जोडलेला असतो. श्रम केल्यावर येणारे आणि विसावा घेतल्यावर जाणारे जडपण हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते. रक्त कमी असणे, थायरॉइड, फुप्फुसाचा आजार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब यांनीही दम लागतो, त्यामुळे हे हृदयाचेच आहे असे मी येथे बसून म्हणणार नाही. पण हे पित्तच आहे असे तुम्हीही घरी बसून ठरवू नये. याच आठवड्यात ईसीजी काढून घ्या आणि तो चांगला आला म्हणून समाधान मानू नका, कारण विसाव्यात काढलेला ईसीजी श्रमात होणारा त्रास पुष्कळदा दाखवतच नाही. टूडी इको आणि स्ट्रेस टेस्टची गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हिमोग्लोबिन आणि साखरही त्याच वेळी तपासून घ्या.

तोपर्यंत एक गोष्ट तुम्ही आणि मुलाने पक्की लक्षात ठेवावी. बसल्या जागी छातीत जड झाले आणि ते दहा-पंधरा मिनिटांत गेले नाही, किंवा त्याबरोबर घाम, मळमळ, जबड्यात, डाव्या हातात अथवा पाठीत दुखणे सुरू झाले, तर पातळ औषधाची बाटली न शोधता १०८ ला फोन करायचा. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीवर हात दाबून कोसळण्याच्या रूपात येतच नाही. दम, थकवा, मळमळ एवढ्यावरच तो येतो आणि घरातले सगळे त्याला पित्त म्हणतात.

आता मुलाने जे वाचले त्याकडे येऊ. त्याने वाचलेली माहिती खोटी नाही. त्यातून तुम्ही दोघांनी काढलेला निष्कर्ष मात्र नेमका उलटा आहे. एचआयव्हीबरोबर जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या तुलनेत साधारण दीडपट ते दुप्पट असतो, आणि गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड दबलेल्यांतही तो पूर्णपणे उतरत नाही. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरले तरी थोडा धोका शिल्लक राहतो. त्या उरलेल्या धोक्याचे कारण शोधताना शास्त्रज्ञ रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोचले.

लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील सीडी४ पेशींचा मोठा नाश करतो. पुढे गोळ्यांनी रक्तातील सीडी४ भरून येतात, पण आतड्यातील हानी तितकी भरून येत नाही. अस्तराची राखण सैल झाल्याने आतड्यातील जीवाणूंचे सूक्ष्म अंश सतत थोडे थोडे रक्तात झिरपतात. शिवाय शरीरात काही पेशींच्या आत विषाणू सुप्त रूपात दडून राहिलेला असतो, आणि भारतातील बहुतेक प्रौढांच्या अंगात असलेला सायटोमेगॅलो नावाचा दुसरा एक विषाणूही प्रतिकारशक्तीला डिवचत राहतो. या सगळ्यामुळे मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कायम सावध आणि चिडलेल्या अवस्थेत राहतात. तुमच्या कारखान्यात जुन्या क्लच मोटरच्या मशिनी असतील, तर सुई थांबलेली असतानाही बटण बंद करेपर्यंत मोटर गुणगुणत राहते, वीज खाते आणि तापते, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या या पेशींचे तसे झाले आहे. लढाई जवळपास संपली आहे, पण त्यांची मोटर चालूच आहे.

चिडलेल्या मोनोसाइट रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चिकटतात, भिंतीत शिरतात, तेथे महाभक्षी पेशी होतात आणि भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल गिळत सुटतात. चरबीने फुगलेल्या अशा पेशींचा थर साचत गेला की त्याला आपण ब्लॉकेज म्हणतो. तो थर अचानक फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की झटका येतो. याच मोनोसाइट रक्त गोठण्याची प्रक्रियाही चेतवतात. म्हणून एचआयव्ही असलेल्यांत ब्लॉकेज वाढणे आणि गुठळी होणे या दोन्ही बाजूंनी धोका येतो.

आता तुमचे ६१० घ्या. ते चांगलेच आहे. सीडी४ हे या साखळीतले गुन्हेगार नाहीत. उलट ज्यांचे सीडी४ एके काळी फार खाली गेले होते, त्यांच्यात हा दाह, म्हणजे पेशींचे हे चिडलेपण, अधिक काळ आणि अधिक जोराने टिकतो असे दिसून आले आहे. तुमचा जुना आकडा १४० होता, म्हणून तुमच्या हृदयाची काळजी थोडी जास्त घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ आहे. तुमच्या मनातील गृहीतक असे दिसते की सीडी४ भरपूर आणि व्हायरल लोड शून्य म्हणजे शरीर पूर्ववत झाले. विषाणूच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. व्हायरल लोड सापडत नसेल तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही, ही आता सर्वत्र मान्य झालेली गोष्ट आहे. रक्तवाहिन्यांचा हिशेब मात्र या दोन आकड्यांत मावत नाही. त्यासाठी रक्तदाब, साखर, एलडीएल, वजन आणि तंबाखू हे निराळे आकडे पाहावे लागतात, आणि एआरटी केंद्राच्या धावपळीत ते कधी कधी मागे पडतात.

गोळ्या थांबवून पाहण्याचा विचार मात्र मनातून पूर्ण काढून टाका. हा प्रयोग यापूर्वीच झाला आहे, तोही हजारो लोकांवर. स्मार्ट नावाच्या अभ्यासात ५४७२ जणांचे दोन गट केले होते. एका गटाने गोळ्या सतत घ्यायच्या आणि दुसऱ्याने सीडी४ चांगले असताना थांबवायच्या, घसरले की पुन्हा सुरू करायच्या, अशी योजना होती. औषधांच्या दुष्परिणामांपासून सुटका झाली तर हृदयाला आराम मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात थांबवणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाले, हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे आजारही वाढले, आणि २००६ मध्ये ती योजना मध्येच बंद करावी लागली. गोळ्या थांबल्या की विषाणू उसळतो आणि त्या चिडलेल्या पेशी आणखी चिडतात. २०१५ मध्ये आलेल्या स्टार्ट या अभ्यासाने उपचार लवकर सुरू करणेच हिताचे असल्याचे दाखवले, आणि २०१७ पासून आपल्याकडेही सीडी४ कितीही असले तरी निदान होताच गोळ्या देण्याचे धोरण आले. तुमच्या आजाराच्या बाबतीत आजवर सर्वांत जास्त दाह कमी केला आहे तो याच गोळ्यांनी.

स्टॅटिनबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे मग गोळी कशाला’ हा आक्षेप फक्त तुमचा नाही. काही डॉक्टरही तो घेत असत. २०२३ मध्ये रिप्राइव्ह या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात भारतासह १२ देशांतील ४० ते ७५ वयाचे ७७६९ लोक होते. सर्व जण एआरटीवर होते, कोणालाही आधीचा हृदयविकार नव्हता, धोका कमी ते मध्यम होता, आणि त्यांचा एलडीएल साधारण तुमच्याइतकाच, म्हणजे १०८ च्या आसपास होता. अर्ध्यांना पिटाव्हास्टॅटिन हे औषध दिले गेले आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि तत्सम गंभीर घटना औषध घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या मुदतीआधीच थांबवण्यात आला. एलडीएल जितका उतरला त्यावरून जेवढ्या फायद्याची अपेक्षा होती त्याहून तो अधिक भरला. स्टॅटिनमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतील दाहही शमतो, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ‘३५ टक्के’ हा आकडा ऐकायला फार मोठा वाटतो. त्या अभ्यासात एका वर्षात दर हजार लोकांमागे साधारण सात जणांना गंभीर घटना होत होती, ती औषधाने पाचच्या आसपास आली. म्हणजे बहुसंख्य लोकांना ती गोळी घेतली काय आणि न घेतली काय, त्या पाच वर्षांत फरक जाणवला नसता. तिची किंमतही थोडी मोजावी लागली. नव्याने मधुमेह झालेल्यांचे प्रमाण ५.३ टक्के होते, तर निष्क्रिय गोळीच्या गटात ते ४ टक्के. स्नायू दुखण्याच्या तक्रारीही किंचित जास्त होत्या. त्यामुळे अगदी कमी धोका असलेल्या एखाद्या चाळिशीतल्या माणसाने डॉक्टरांशी बोलून ‘आणखी दोन वर्षे थांबू’ असे ठरवले, तर मी त्याला हटवादी म्हणणार नाही. तुमची स्थिती तशी नाही. वय ४८, पाळी जाण्याचा काळ, रक्तदाब, एके काळी १४० पर्यंत घसरलेले सीडी४, २००९ च्या काळातील जुन्या औषधांची काही वर्षे आणि आता छातीत जड होणे, हे सगळे एकत्र धरले तर एआरटी केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. तपासणीत हृदयात दोष सापडलाच, तर मग प्रतिबंध म्हणून गोळी घ्यावी की नाही हा प्रश्नच उरणार नाही. तेव्हा ती उपचाराचा भाग होईल आणि तिच्याबरोबर आणखीही औषधे येतील.

जन्मभराची आणखी एक गोळी, हे तुमचे दुखणे मी समजू शकतो. सोळा-सतरा वर्षे एकही दिवस न चुकता गोळी गिळणाऱ्या बाईला ‘त्यात काय एवढे’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. एवढेच सांगतो की स्टॅटिन एआरटीसारखी नाही. एखादा दिवस चुकली तर औषधाला विषाणू दाद देईनासा होण्याची भीती तिच्यात नसते, आणि अंग दुखू लागले तर डॉक्टर गोळी किंवा मात्रा बदलून देऊ शकतात. फक्त कोणतीही स्टॅटिन कोणत्याही एआरटीबरोबर चालत नाही. तुम्ही सध्या घेता त्या टीएलडीबरोबर, म्हणजे टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर यांच्या एकत्रित गोळीबरोबर, नेहमीच्या स्टॅटिनना फारशी अडचण येत नाही. पण हे सदर वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या गोळ्यांत रिटोनाविर आहे, त्यांनी सिमव्हास्टॅटिन अजिबात घेऊ नये. रक्तात तिचे प्रमाण इतके वाढते की स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. मेडिकलवाल्याला विचारून कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

येथूनच मी तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. माझ्या मते ती पेशींची नाही. तुमच्या आजाराचे दोन कागद दोन वेगळ्या पिशव्यांत आहेत, ही खरी अडचण आहे. एआरटी केंद्राला तुमच्या पित्ताच्या औषधाबद्दल माहीत नाही आणि घराजवळच्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल माहीत नाही. तुम्ही लिहिता की टीएलडीच्या गोळ्या तुम्ही मूळ डबीतून काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या आहेत, आणि कोणी पाहू नये म्हणून सकाळी उपाशीपोटी कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊन टाकता. आता पाहा, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी उपाशीपोटी डोलुटेग्राविरबरोबर घेतली तर डोलुटेग्राविर रक्तात नीट उतरत नाही. जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतलेल्या चालतात. अन्यथा टीएलडी आधी घेऊन कॅल्शियम दोन तासांनी घ्यावे, किंवा कॅल्शियम आधी घेतले असेल तर टीएलडी सहा तासांनी घ्यावी. पित्ताच्या पातळ औषधात बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असते. त्यासाठी जेवणाचीही सवलत नाही, दोन आणि सहा तासांचे अंतर पाळावेच लागते. उद्या तुमची साखर वाढली आणि मेटफॉर्मिन सुरू झाले, तर डोलुटेग्राविरमुळे रक्तात मेटफॉर्मिन वाढते, म्हणून त्याची मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या पुढे सहसा नेत नाहीत. ज्या डॉक्टरांना तुमची टीएलडी माहीतच नाही, त्यांनी हे सांभाळायचे तरी कसे? तुमचा व्हायरल लोड अजून सापडत नाही हे चांगलेच आहे, पण ही सवय उद्यापासून बदला. गोळ्या मूळ डबीत, झाकण घट्ट लावूनच ठेवा, कारण ओल लागली की त्या खराब होतात. डबी दिसायला नको असेल तर अख्खी डबी एखाद्या कापडी बटव्यात ठेवता येईल.

मग सांगायचे कोणाला आणि कसे? ज्या दवाखान्यात तुमच्या गल्लीतला माणूस बसतो, तेथेच सांगा असा हट्ट मी धरणार नाही. तुमची भीती काल्पनिक नाही. एक मार्ग सिव्हिलचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा आहे. एआरटी केंद्रातील डॉक्टरांकडून औषधवैद्यक विभागासाठी चिठ्ठी घेतली की सगळे कागद एका छताखाली येतात, तपासण्यांचा खर्च नगण्य होतो, आणि तुम्हाला तेथे नव्याने काही उलगडून सांगावे लागत नाही. त्याचा तोटा असा की रांगेत दिवस जातो आणि नगावर काम करणाऱ्याचा दिवस म्हणजे मजुरी बुडते. दुसरा मार्ग म्हणजे घरापासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला एखादे हृदयरोगतज्ज्ञ गाठायचे. तेथे वेळ वाचेल, पैसे जातील आणि स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल. मला विचाराल तर पहिली तपासणी सिव्हिलमध्ये करा. स्ट्रेस टेस्टला फार लांबची तारीख मिळाली, तर तेवढ्यापुरते खासगीत जा.

खासगीत सांगायची वेळ आली तर लांबण लावू नका. खुर्चीवर बसल्यावर, कंपाउंडर बाहेर गेल्यावर, इतकेच म्हणा : ‘डॉक्टर, मी २००९ पासून एआरटीवर आहे, सध्या टीएलडी घेते, व्हायरल लोड सापडत नाही. ही माहिती उपचारासाठी सांगते आहे, ती दुसऱ्या कोणाला कळू देऊ नका.’ लागण कशी झाली, नवऱ्याचे काय झाले, हे त्यांनी विचारले तरी हृदयाच्या उपचाराशी त्याचा संबंध नसल्याने उत्तर देण्यास तुम्ही बांधील नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमची स्थिती संमतीशिवाय इतरांपुढे उघड करणे किंवा त्या कारणाने उपचार नाकारणे बेकायदेशीर आहे, आणि तक्रारीसाठी राज्यपातळीवर लोकपालाची तरतूद आहे. कायदा आहे म्हणून गल्लीतली तोंडे बंद होत नाहीत, हे मीही जाणतो. पण डॉक्टरांपुढे बसताना आपण उपकार मागत नाही, एवढे तरी त्याने ठरते.

मुलाला सगळे ठाऊक आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. त्याची धडपड काढ्यात आणि पॅकेजमध्ये खर्ची पडू नये, इतकेच मला वाटते. मोनोसाइटचे प्रकार मोजणाऱ्या चाचण्या संशोधनासाठी आहेत. त्यांचा आकडा काहीही आला तरी तुमच्या उपचारात एका गोळीचाही फरक पडणार नाही. पॅकेजमध्ये मिळणारा सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह दाखवणारा रक्तातील घटक, साध्या सर्दीने किंवा हिरड्या सुजल्यानेही वाढतो. ते पैसे इको आणि लिपिड प्रोफाइलसाठी ठेवा. काढ्याचा हेतू ‘इम्युनिटी वाढवणे’ हा आहे, आणि तुमची अडचण तर प्रतिकारशक्ती कमी असण्याची नाहीच, ती नको तितकी जागी असण्याची आहे. त्यात ज्येष्ठमध असेल तर रोज घेतल्याने रक्तदाब वाढतो. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. काढा आजपासून बंद करा आणि आतापर्यंत काय काय घातले ते डॉक्टरांना सांगा. मुलाला दुसरे काम द्या. एआरटीच्या पुस्तिकेची पाने, सर्व गोळ्यांची नावे आणि ताजे अहवाल यांचे फोटो त्याच्या फोनमध्ये असू द्या. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागली, तर व्हिटॅमिनची बाटली पाहून कोणालाही काही उमगणार नाही. हे फोटो मात्र उपयोगी पडतील.

मिश्री. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलेत की ‘वाईट सवय काही नाही, फक्त सकाळी आणि दुपारी मिश्री लावते’. ताई, ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्यांतून निकोटीन सरळ रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. ५२ देशांतील इंटरहार्ट या अभ्यासात तंबाखू नुसती चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला होता. पेशींची चिंता करणाऱ्या घरात मिश्रीची डबी असावी, हे मला विचित्र वाटते. आधी दुपारची बंद करा, मग सकाळची, आणि जमत नसेल तर केंद्रातील समुपदेशकांना तसे सांगा.

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हृदयाचे वैरी नाहीत. वैरी आहेत ते लोणचे-पापडातले मीठ, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी आणि डालडा. टीएलडीवर काहींचे वजन वाढते, तेव्हा दर महिन्याला काटा पाहत जा. चालण्याचा व्यायाम उत्तमच, पण तपासणी होईपर्यंत उगाच दम धरून तलावाला फेऱ्या मारू नका. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर उजाडतानाच, हळूहळू सुरुवात करा.

राहता राहिले लग्न. तीन महिने झाकून ठेवू का, या प्रश्नात तुम्ही दोन गोष्टींची गाठ मारली आहे. छातीचा त्रास तपासून घेणे आणि एचआयव्हीबद्दल व्याह्यांना कळणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. ईसीजी काढायला गेल्याने कोणाला काही कळत नाही, आणि विचारलेच तर ‘बीपी आहे, तपासून घेते’ हे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही आहे. तुमची स्थिती होणाऱ्या सुनेच्या घरी सांगण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही. एका घरात राहून, एका ताटात जेवून ही लागण होत नाही. सून घरात रुळल्यावर तिला विश्वासात घ्यायचे की नाही, हे तुम्ही आणि मुलाने सवडीने ठरवा. मला वाटते, कधीतरी घ्यावे, कारण घरात औषधांची वेळ लपवणारी माणसेच ती चुकवतात. पण त्याची आज घाई नाही. घाई आहे ती तपासणीची. लग्नघरात तुमची जिने चढ-उतार वाढणार, जागरणे होणार आणि जेवणाच्या वेळा चुकणार, म्हणूनच ती आमंत्रणपत्रिका छापायला टाकण्याआधी झालेली बरी.

एआरटीवर असलेल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहितो. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला केंद्रावर जाल तेव्हा व्हायरल लोडबरोबर रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल शेवटचे कधी पाहिले हे विचारा, आणि बाहेरून घेत असलेली प्रत्येक गोळी, पातळ औषध व चूर्ण पिशवीत घालून सोबत न्या. ज्यांच्या गोळ्यांत अबाकाविर आहे आणि ज्यांना हृदयाचा त्रास किंवा मधुमेह आहे, त्यांनी ते डॉक्टरांच्या नजरेस जरूर आणावे, कारण या औषधाचा झटक्याच्या वाढत्या धोक्याशी संबंध आढळला आहे. अर्थात, ती गोळी आपल्या मनाने थांबवू नये. केंद्रावर बोलायला संकोच वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.